शंभर वाव खाली

मी समुद्राच्या तळाशी जाणारा कॅमेरा. सध्या रत्नागिरीतल्या एका कचेरीत, निळ्या पेटीत पडून आहे. आतला दमटपणा जावा म्हणून पेटीचं झाकण उघडं ठेवलंय. चार दिवस मला काही काम नाही, म्हणून सांगतो.

मी एका थंड देशातल्या कारखान्यात तयार झालो. अंग टायटॅनियमचं, शहाळ्याहून थोडं मोठं. डोळ्यावर जाड काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना एकेक दिवा. शिवाय मी समोर लाल प्रकाशाचे दोन ठिपके टाकतो, एकमेकांपासून बरोबर दहा सेंटिमीटरवर. समोरच्या वस्तूवर ते पडले की माणसं त्यावरून तिची उंची-रुंदी मोजतात. कारखान्यातून निघायच्या आधी मला पाण्याच्या टाकीत घालून चारी बाजूंनी दाबलं. काच तडकली नाही, म्हणून माझ्यावर पासचा शिक्का बसला.

मग मुंबईच्या गोदामात चार महिने कागद अडले. अखेर रत्नागिरीला पेटी उघडली ती रसिका मोहितेनं. मी पाहिलेलं पहिलं माणूस तेच. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बारीक चणीची मुलगी. चिपळूणच्या वरच्या अंगाला तिचं गाव, वडील मुंबईत पोस्टात, आई गावी. समुद्रविज्ञान शिकून ती या प्रकल्पावर कंत्राटी लागली होती. तिनं माझी काच मऊ फडक्यानं पुसली, पेटीतले कागद नीट वाचले आणि आईला फोन करून सांगितलं, की आला एकदाचा.

आमचं काम होतं खोल समुद्रातल्या पोवळ्यांची तब्येत बघणं. किनाऱ्यापासून एक रात्र नि अर्धा दिवस गेलं की तळाला खडकाचा एक उंचवटा आहे. त्याच्यावरसुद्धा शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट, पाणी. ऊन तिथं पोचत नाही. तरी पोवळी आहेत. पंख्यासारखी, झुडपासारखी, काही माणसाच्या छातीएवढी. वर्षाला ती तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा वाढत नाहीत. छातीएवढं पोवळं म्हणजे कित्येक पिढ्यांचं. त्यांचं बरं चाललंय की वाईट, हे एका फोटोवरून कळत नाही. म्हणून बारा जागा ठरवल्या होत्या. दरवर्षी त्याच जागी, तेवढ्याच उंचीवर मला थांबवायचं, फोटो काढायचे आणि गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघायचे.

ते बघणं रसिकाच्या वाट्याला होतं. एका सफरीत मी दहा-बारा हजार फोटो काढायचो. ती एकेक फोटो उघडायची, पोवळ्याचा एकेक तुकडा बघायची आणि जिवंत, फिकट, मृत यांतलं एक बटण दाबायची. पहिल्या वर्षी चौथ्या जागेवर एक मोठं झाड मुळातून मोडून आडवं पडलेलं दिसलं, तेव्हा ती खुर्चीवरून उठून गच्चीत गेली आणि बराच वेळ आली नाही. दुसऱ्या वर्षी तसं काही दिसलं, की ती फक्त पाणी प्यायची. तिसऱ्या वर्षापासून तेही नाही. डावा हात टेबलावर, उजव्याचं बोट बटणावर. मृत, मृत, फिकट, मृत. दुपारी आईचा फोन यायचा, काय करत्येस. ती म्हणायची, मोजत्ये.

मला त्यात वावगं दिसलं नाही. शंभर वावांवर माझी काच इतकी गार होते, की वर आल्यावर उन्हात ठेवली तरी तासभर तशीच राहते. रोज तेच बघणाऱ्याचंही तसंच होत असावं.

मला समुद्रात न्यायला दाभोळची बोट होती, चंडिकाप्रसाद. तिचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, आत्माराम पालशेतकर, साठीला टेकलेला, कमी बोलणारा. बोटीचं नाक वाऱ्यात धरून ती एका जागी कशी उभी ठेवायची, हे त्याच्याइतकं कुणाला जमायचं नाही. आणि बोट हलली तर माझे फोटो वाया. तो मला कंदील म्हणायचा. दोन दिवे लावून काळोखात उतरतो म्हणून. त्याचं ऐकून जुना खलाशी भिकूही तेच म्हणायला लागला, मग रसिकाही. कागदोपत्री माझा नऊ आकडी नंबर आहे. तो कुणी कधी उच्चारला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या सफरीत सातव्या जागेवर मी उतरलो, तर पोवळ्यांवर तांबोशी माशांचा थवा उभा होता. मोठमोठे, तांबडे, एकमेकांना खेटून. माझ्या दिव्यांना ते बुजले नाहीत. वर केबिनमध्ये रसिका स्क्रीनवर बघत होती. फार दिवसांनी काही चांगलं दिसलं होतं, म्हणून तिनं स्क्रीन दाराकडे वळवली आणि आत्मारामला म्हणाली, काका, हे बघा. सुकाणू भिकूच्या हातात देऊन तो आला, बघून गेला.

जागा कुणाला सांगायची नाही, असं प्रकल्पाच्या साहेबांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. जाळी फिरली तर पोवळी राहणार नाहीत. आत्मारामनंही मान डोलावली होती.

घरी गेल्यावर जेवताना त्यानं ते सांगितलं. हे मला पुढे कळलं. त्याचा मुलगा गौरव, तिशीतला, स्वतःची लहान बोट चालवायचा. त्या वर्षी किनाऱ्याजवळ काही मिळत नव्हतं. मारलेली फेरी रिकामी यायची. बापानं मुद्दाम जा म्हटलं नाही. इतकंच म्हटलं, की अमक्या ठिकाणी तांबोशी अशी उभी आहे, की वाटतं हातानं उचलावी.

पुढच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गौरव तिथं गेला. बरोबर चार खलाशी. दुपारनंतर वारा उठला. चौघेजण डिझेलच्या रिकाम्या कॅनांना धरून राहिले आणि दुसऱ्या दिवशी एका हर्णैच्या बोटीला सापडले. ते सांगत होते, की जाळं तळाला अडकलं, लाटा मोठ्या होत्या, बोट मागून खाली ओढली गेली आणि पाणी आत शिरलं. गौरव मागे होता, जाळ्यापाशी. तो सापडला नाही. बोटही नाही.

बंदरावर लोक म्हणाले, जाळ्यापायी गेला. दोर वेळेत तोडला असता तर वाचला असता. जाळं सोडवेना, म्हणून जीव गेला. पाठीमागे म्हणाले, पण दाभोळ केवढं, घरापर्यंत पोचलं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, जानेवारीत, आमची तिसरी सफर होती. साहेबांनी दुसरी बोट बघायला सांगितलं. पण आत्माराम आपण होऊन रसिकाकडे आला आणि म्हणाला, की मीच नेईन. का, ते तिनं विचारलं नाही. मला वाटतं, तिला विचारायची भीती वाटली असावी.

पहिल्या सहा जागा नेहमीसारख्या झाल्या. सातव्या जागेवर मी उतरलो आणि दिव्यांच्या उजेडात पोवळ्यांऐवजी जाळं दिसलं. तिथल्या अख्ख्या खडकावर ते पडलं होतं, पोवळ्यांच्या फांद्यांत गुंतलेलं, प्रवाहाबरोबर हळूहळू मागेपुढे होणारं. जिथं जिथं ते घासत होतं, तिथं फांद्या सोलून पांढऱ्या झाल्या होत्या.

रसिकानं सवयीनं टाइप केलं, जागा सात, जाळं, अंदाजे चाळीस मीटर. लाल ठिपक्यांवरून जाळ्याच्या एका डोळ्याचं, म्हणजे भोकाचं, माप घेतलं. तिचं बोट पुढच्या बटणाकडे जात होतं, तेवढ्यात मागे चहाचा पेला घेऊन उभा असलेला भिकू म्हणाला, "तांडेलाला बोलवा."

जाळ्याच्या वरच्या कडेला प्लास्टिकचे बोये, म्हणजे तरंगते गोळे, होते. दर तिसऱ्या बोयाला लाल सुतळी गुंडाळलेली. आपलं जाळं ओळखू यावं म्हणून ज्याची त्याची खूण असते. ही गौरवची होती.

आत्माराम आला. स्क्रीनसमोर बसला नाही, उभाच राहिला. बराच वेळ बघून त्यानं कंदील डावीकडे घ्यायला सांगितलं. मग आणखी डावीकडे. मग खाली. रसिका माझी वायर चालवणाऱ्याला तसं सांगत गेली. तीन तास मी त्या खडकाभोवती फिरत होतो. इतका वेळ मी एका जागी कधी थांबलो नव्हतो. बोट दिसली नाही. माणूस दिसला नाही. एक प्लास्टिकचा क्रेट दिसला, त्यात खेकडा बसला होता.

"दोर दाखव," आत्माराम म्हणाला.

जाळ्याला दोन दोर होते. पहिल्याचं टोक खडकाच्या खोबणीत सापडलं. सरळ तुटलेलं, पीळ न उसवता, सुरीनं कापावं तसं. मी अगदी जवळ गेलो. लाल ठिपके त्याच्यावर पडले. दुसरं टोक लांब होतं, वाळूत. त्याचा निम्मा पीळ सरळ कापलेला होता आणि राहिलेला निम्मा ताणून तुटलेला, कुंच्यासारखा विस्कटलेला.

आत्माराम हळूच म्हणाला, "हा कापलान त्यानं. दुसरा कापीत होता."

रसिकानं त्याच्याकडे बघितलं. तिनं तिच्या कामातलंच विचारलं, "काका, हा फोटो ठेवू?"

"ठेव," तो म्हणाला, आणि सुकाणूवर गेला. राहिलेल्या पाच जागाही त्यानं त्याच दिवशी नि दुसऱ्या दिवशी करून दिल्या. बोट तसूभर हलली नाही. माझे त्या दिवसाचे फोटो आजवरचे सगळ्यांत स्पष्ट आहेत.

रसिका परत कचेरीत बसली. सातव्या जागेचे फोटो तिनं मोजले. मृत बावन्न टक्के, बाकीचं जिवंत नाहीतर फिकट. साहेबांचं म्हणणं पडलं, की जाळं तिथं राहिलं तर घासून घासून उरलेलंही जाईल, ते काढायला हवं; पण घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि अहवालात एक रकाना होता, की बाहेरच्या बोटीला ही जागा कशी कळली. तो रसिकानं मोकळा सोडला होता.

ती दाभोळला आली, तेव्हा मी चंडिकाप्रसादवरच होतो. धक्क्याला लागलेल्या बोटीवर, गोड्या पाण्याच्या टपात, मीठ निघावं म्हणून बुडवलेला. गौरवची बायको वैष्णवी सासऱ्याबरोबर आली. तिच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. माणूस सापडला नाही, तर ते कधी काढायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

रसिकानं लॅपटॉप मासळीच्या रिकाम्या खोक्यावर ठेवला आणि दोन्ही दोरांचे फोटो दाखवले. वैष्णवीनं पहिला बघितला. दुसऱ्याशी थांबली. बोट पुढं करून तिनं स्क्रीनवरच्या कापलेल्या भागाला हात लावला, मग विस्कटलेल्या भागाला. रडली नाही. तिचा चेहरा होता तसाच राहिला. मी असे चेहरे ओळखतो. रोज एक माझ्या फोटोंसमोर बसलेला असतो.

मग आत्माराम बोलला. धक्क्यावर आजूबाजूला माणसं होती, बर्फ फोडत होती, त्यांना ऐकू जाईल याची त्यानं पर्वा केली नाही.

"जागा मी सांगितली त्याला," तो म्हणाला. "बाय, तुझ्या कागदात लिव. आत्माराम पालशेतकरानं सांगितली. नाव लिव."

रसिका म्हणाली, की काका, स्क्रीन मी वळवली होती. त्यानं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो सुनेकडे बघत होता.

वैष्णवी म्हणाली, "मामंजी, तेव्हां मी भाकरी वाढत होत्ये. मी आयकलां. दुसऱ्या दिवशी ते म्हणत होते, इतक्या लांब नको. मग फेऱ्या रिकाम्या येयला लागल्या, तेव्हां मीच म्हटलां, एकदा जाऊन बघा."

अडीच-तीन महिने दोघं एका घरात, एका चुलीवरचं जेवत होते. तिनं वाढलं, त्यानं खाल्लं. दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं. आत्माराम खाली फळीवर बसला. थोड्या वेळानं वैष्णवीही बसली, त्याच्यापासून हातभर अंतरावर. रसिका लॅपटॉपचं झाकण लावू की नको, अशा विचारात उभी राहिली.

शेवटी वैष्णवीनं विचारलं, "जाळ्याखाली हाय, तां जितां हाय?"

"अर्धं," रसिका म्हणाली.

"मग काढा."

अहवालातला रकाना रसिकानं भरला. जागेची माहिती प्रकल्पातूनच बाहेर गेली, असं तिनं लिहिलं आणि खाली तीन ओळींत घडलं तसं सांगितलं, स्वतःचं नाव धरून. साहेबांनी वाचलं. फोनवर म्हणाले, की आत्मारामलाच घेऊन जा, ती जागा दुसऱ्या कुणाला उभी धरता येणार नाही.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. वायरच्या टोकाला लोखंडी आकडा, आणि आकडा कुठं लागतोय ते दाखवायला शेजारी मी. सगळं सावकाश करायचं होतं. जाळं एकदम खेचलं असतं, तर फांद्यांसकट आलं असतं. रसिका केबिनमधून एकेक शब्द सांगत होती. थांबा. ढिलं सोडा. आता. आत्माराम सुकाणूवर, त्याला स्क्रीन दिसत नव्हती, त्यानं मागितलीही नाही. तिच्या आवाजावर तो बोट धरून होता. चार तास लागले. तिच्या आवाजात मध्येच एकदा कंप आला. कितीतरी दिवसांत मी तो ऐकला नव्हता.

तेव्हाच जाळ्याचा एक पदर सुटून माझ्यावर आला. त्यात अडकलेला एक तुटका पत्रा माझ्या काचेवरून फिरला आणि डावा दिवा गेला. त्याच झटक्यात पंख्यासारख्या एका मोठ्या पोवळ्याची जिवंत फांदीही मोडली. ती मी पडताना पाहिली. वाईट झालं, पण झालं. बाकीचं जाळं सुटलं.

डेकवर ते आलं, तेव्हा त्याला कुजका वास होता. भिकू आणि दुसऱ्या खलाशांनी ते ओढून घेतलं. आत्माराम बाहेर आला, त्यानं दोन्ही दोरांची टोकं शोधली, आणि हातभर हातभर कापून घेतली. लोक जाळ्यापायी गेला म्हणत होते, त्यांना दाखवायला असेल, असं भिकूला वाटलं. पण त्यानं ती कुणाला दाखवली नाहीत. घरी नेऊन सुनेच्या हातात दिली. त्या आठवड्यात पालशेतकरांनी गौरवचे दिवस घातले, असं भिकू पुढच्या खेपेला सांगत होता.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. गेल्या महिन्यात आम्ही परत सातव्या जागेवर उतरलो. एकाच दिव्यावर. रसिकानं दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी ठेवले आणि दोन दिवस कसून मोजले. जिथं मृत होतं, तिथं मृतच. जिथं जिवंत होतं, तिथं जिवंत. मोडलेल्या फांदीच्या टोकावर काहीच नाही; तिथं काही उगवायचं तर दहा वर्षं तरी जातील. तिनं समोर लिहिलं, बदल नाही.

मग आत्मारामला फोन लावला. तो वैष्णवीसाठी दापोलीला गेला होता, तिला तिथं अंगणवाडीत काम लागलं होतं, त्याच्या कागदांसाठी. रसिकानं त्याला सांगितलं, की आकडा गेल्या वर्षीचाच.

त्यानं विचारलं, "म्हणजे बरां की वाईट?"

रसिका आकडे सांगते, बरं-वाईट सांगायची तिला सवय उरलेली नाही. मग म्हणाली, "काका, आणखी मेलं नाही."

"बरां," तो म्हणाला. एवढंच. पण त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही नाही. पलीकडे एस.टी. स्टँडवरची गडबड ऐकू येत होती. ती बराच वेळ ऐकत बसली. मग तिनं डोळे पुसले, चष्मा साफ केला आणि आठव्या जागेचे फोटो उघडले.

माझी काच बदलायची तर मला पुन्हा त्या थंड देशात पाठवायला हवं. ते ठरेल तेव्हा ठरेल. तोवर आतली हवा कोरडी झाली, की मला परत उतरवणार आहेत. एक दिवा पुरतो.

तुम्ही कधी हे फोटो बघायला बसलात, तर एक सांगून ठेवतो. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतरच्या प्रत्येक फोटोत, डाव्या कोपऱ्यात, वाकडा पांढरा पट्टा दिसेल. नव्यानं बघणाऱ्याला वाटतं, तिथलं पोवळं मेलंय. तो पट्टा माझ्या काचेवरचा ओरखडा आहे. तेवढ्यावरून तिथं मृत लिहू नका. पुढचा फोटो उघडा. मी तोवर हातभर सरकलेला असेन, आणि त्या जागी पोवळं दिसेल.